स्टूल कुरकुरलं पाहिजे

मित्रांनो, स्टुलावर माणसे बसतात; माझ्यावर मात्र ती उभी राहिली. मी तबेल्यातले एक जुने लाकडी स्टूल. सुताराने मला मोडक्या दाराच्या फळ्यांतून घडवले. तीन पाय नीट बसले, चौथा जरा सैल राहिला. पुरता भार पडला की तो कुरकुरायचा. "हे स्टूल आहे की सासूबाई?" म्हणून सगळे हसायचे.

तबेल्याच्या मालकांची थोरली लेक मला ठुमकीशेजारी ठेवायची. ठुमकी म्हणजे तांबूस घोडी. मान डोलवत अशी ठुमकत चालायची, की तिला दुसरे नाव शोभलेच नसते. पण एकदा ती उतारावर घसरली. डॉक्टरांनी तपासले, हाड शाबूत होते. सूज उतरली, तरी पाठ आखडलेलीच राहिली. पाऊल तोकडे पडे, मान डावीकडे वळेना.

"कामाच्या हंगामाआधी मोकळी चालली तर ठीक," मालक लेकीला म्हणाले, "नाहीतर लांबच्या कुरणावर धाडावी लागेल. जागा काम करणाऱ्यांनाच पुरत नाही, बाळ."

डॉक्टरांना विचारून थोरली आत्याकडून घोड्याचे अंग हळुवार मोकळे करायला शिकू लागली. आत्याचा सारा जन्म घोड्यांच्या पाठीवर हात फिरवण्यात गेला होता. थोरली माझ्यावर चढायची, ठुमकीच्या पाठीवर तळवे टेकायची आणि जीव ओतून दाबायची. ठुमकी कान मागे पाडून अंग चोरायची.

"अगं, घोडी आहे ती, कणीक नाही," आत्या म्हणायची.

"हलक्या हातानं काय होणार, आत्या? एवढं मोठं जनावर."

"माशी बसली तरी तिला कळतं. तुझा हात नाही कळणार होय?"

मला सगळे ठाऊक होते, पण लाकडाला वाचा कुठली? थोरली दाबायची तेव्हा तिचा भार माझ्यावरून उठून घोडीवर जायचा. मला तिच्या तळपायांचा नुसता स्पर्श उरायचा.

एके सकाळी मालक हातोडी घेऊन आले. माझ्यावर चढून त्यांनी पाहिले. मी कुरकुरले. "ठोकतोच हा पाय. घोडी बिचकेल."

"थांब, दादा." आत्याने त्यांचा हात धरला. "तू चढलास की कुरकुरतं, पोरगी दाबायला लागली की गप्प. का ते आत्ता कळलं." मग भाचीकडे वळून म्हणाली, "स्टूल कुरकुरलं पाहिजे. नाही कुरकुरलं, तर तुझं वजन घोडीवर आहे." आणि गुणगुणली,

"पायी ठेव ओझे, हाती ठेव वारा,
मग बोलेल गं, मुका जीव सारा."

थोरलीने पाय रोवले. तळवे नुसते टेकवले आणि वाट पाहिली. हळूहळू तिचा सगळा भार माझ्यात उतरला, आणि माझा पाय कुरकुरला. ठुमकीचा कान वळला. ओठ सैल पडला, मान खाली आली आणि तिने लांबलचक जांभई दिली.

"हात उचलू नकोस," आत्या हळूच म्हणाली.

हंगामाच्या तोंडावर ठुमकी अंगणाला डावा वळसा घालून आली, मान डोलवत. मालकांनी तिच्या जागेत नवे गवत पसरले.

आता थोरली दूरदूरच्या तबेल्यांत जाते. सोबत घडीचे स्टूल असते. ते म्हणे मुळीच कुरकुरत नाही. तिला गरजही नाही, तिचे पाय शहाणे झाले आहेत. माझ्यावर बादल्या ठेवतात. बादलीला भार असतो, श्वास नसतो. कधीकधी ठुमकी येते, डावी कूस पुढे करून माझ्याशेजारी थांबते आणि हात येत नाही असे पाहून निघून जाते.

मित्रांनो, दुखऱ्या जीवाला हात लावाल तेव्हा आपला भार आपल्याच पायांवर असू द्या. आणि एक मागणे. थोरली सुटीला येणार, असे कानावर आले आहे. तोवर माझा हा सैल पाय कुणी ठोकू नका.