डोंगराकडे पाठ केलेले घर

मित्रांनो, पासष्ट उन्हाळे अंगावर घेतलेले मी एक घर आहे. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात, पालो सेको नावाच्या गावात मी उभे आहे. माझे छप्पर सपाट आहे, भिंती काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या आहेत आणि उत्तरेला व दक्षिणेला जमिनीपासून छपरापर्यंत काच आहे. माझी कहाणी मी सांगणारच आहे. पण आधी जून महिन्यातल्या एका मंगळवाराबद्दल सांगते, कारण तो ओपलचा माझ्यातला शेवटचा साधा दिवस होता.

त्या दिवशी विशेष असे काहीच घडले नाही. सकाळी सहा वाजता ओपलने अंगणातल्या लावा पक्ष्यांना दाणे टाकले. दुपारी अर्धे सँडविच खाल्ले आणि उरलेले अर्धे झाकून ठेवले. ती ब्याण्णव वर्षांची होती. तिची मुलगी नॅडीन किनाऱ्यावरच्या शहरातून आली होती आणि दोघी जेवणाच्या टेबलाशी नगरपालिकेचा अर्ज भरत बसल्या होत्या.

अर्ज माझ्यासाठी होता. नगरपालिकेला माझ्या पश्चिमेचा रस्ता रुंद करायचा होता आणि आखलेली रेषा नेमकी माझ्या पश्चिमेच्या भिंतीतून जात होती. ती भिंत गेली की छप्पर जाणार आणि छप्पर गेले की मी उरत नाही. वाचण्याचा मार्ग एकच होता. गावाच्या वारसा समितीने मला ऐतिहासिक वास्तू ठरवले, तर रस्त्याला वळसा घ्यावा लागणार होता.

"रचनाकार," नॅडीनने रकाना वाचला. "इथे काय लिहू?"

"क्लिफर्ड वेसन. आणि जरा स्पष्ट लिही. तुझं अक्षर तुझ्या बापावर गेलंय."

"आई, नक्की?"

"अगं, नकाशांवर सही त्यांची आहे. समितीत सगळे वेसनचे भक्त. ते नाव दिसलं की टोप्या काढतील. ओपल ब्रँट कोण, कुठली, याची चौकशी करत बसले, तर तोवर रोलर दारात येईल."

नॅडीनने पेन उचलले, खाली ठेवले, पुन्हा उचलले. तिला काहीतरी बोलायचे होते. काय बोलायचे होते, ते मला पन्नास वर्षांपासून ठाऊक होते. पण ती म्हणाली, "तुझ्या चहात अजून बर्फ घालू?"

"घाल. आणि लिही."

नॅडीनने लिहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी ओपल उठली नाही. लावे बराच वेळ काचेपाशी थांबून निघून गेले.

मित्रांनो, आता माझा जन्म कसा झाला ते ऐका.

क्लिफर्ड वेसन हे या भागातले गाजलेले वास्तुरचनाकार. त्यांनी कागदावर काढलेली घरे देखणी होती, हे मी नाकारत नाही. पण ती सगळी पश्चिमेकडे तोंड करून उभी होती, कारण पश्चिमेला डोंगर आहे. जानेवारीत त्या घरांच्या काचेसमोर बसून डोंगरामागे मावळणारा सूर्य पाहणे म्हणजे स्वर्ग. पाहुणे त्यासाठीच येत. जून लागला की पाहुणे किनाऱ्याकडे पळत आणि त्यांच्यामागून वेसनही आपले बिऱ्हाड हलवत. ऑगस्टमध्ये त्याच काचेमागे मेणबत्त्या उभ्या जागी वाकतात, हे त्यांनी कधी पाहिलेच नाही. तेव्हा त्यांच्या कचेरीत फक्त एक पंखा असे आणि नकाशे काढणारी ओपल असे.

ओपल आणि तिचा नवरा वॉल्ट बाराही महिने इथेच राहणारे. वॉल्ट पाणीखात्यात कामाला होता. त्या दोघांनी ही जागा घेतली आणि एकोणीसशे अठ्ठावन्नच्या ऑगस्टमध्ये ओपल दर रविवारी छत्री आणि घडीचे स्टूल घेऊन इथे येऊन बसू लागली. तिने एका खांबावर आडवी फळी ठोकली होती. ती फळी म्हणजे माझे होणारे छप्पर. तिची सावली जिथे संपे तिथे ओपल दर तासाला एक पांढरा खडा ठेवी आणि वहीत लिहून घेई. हिवाळ्यातही तिने हेच केले. खिडकी कुठे हवी, हे तिने कागदावर ठरवले नाही. आधी ती स्वतः त्या उन्हात बसली.

माझ्या भिंती एफ्राईन साल्सेडो या गवंड्याने बांधल्या. तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. पश्चिमेला एकही खिडकी नाही, उलट दुहेरी भिंत आणि मधे हवेची पोकळी, हे नकाशात पाहून तो ओपलला शोधत आला.

"सेन्योरा, डोंगर त्या बाजूला आहे."

"बघितलाय मी तो."

"नाही, म्हटलं नकाशा उलटा धरला असेल कुणीतरी. एखादी छोटी खिडकी तरी?"

"एफ्राईन, चार वाजता तिथल्या त्या दगडावर बसून दाखव. दहा मिनिटं बसलास तर खिडकी देते."

एफ्राईन बसला, आणि फार लवकर उठला. खिडकीचा विषय पुन्हा निघाला नाही.

असे मी घडले. माझ्या छपराची पुढे आलेली कड तिने इतकी मोजून ठेवली की जूनमधले ऊन माझ्या उंबऱ्यापाशी थबकते आणि डिसेंबरमधले ऊन थेट आतल्या भिंतीपर्यंत येऊन बसते. पासष्ट वर्षांत या हिशेबात एका वितीचाही फरक पडलेला नाही. याचा मला किती अभिमान आहे म्हणून सांगू!

पण ओपलकडे परवाना नव्हता. नकाशे वेसनच्या सहीनेच मंजूर व्हायचे होते. दोन फोनच्या मधे त्यांनी कागद चाळले, "डोंगराकडे पाठ? धाडस आहे," असे म्हणाले आणि सही केली. पुढच्या हिवाळ्यात एका मासिकाचा छायाचित्रकार आला. त्याने माझ्यातल्या खुर्च्या हलवल्या, टेबलावर संत्र्यांचे भांडे ठेवले आणि वेसनना माझ्या पश्चिमेच्या भिंतीला टेकून उभे केले. त्या चित्रात ओपल नाही. वेसनच्या चेहऱ्यावर उजेड पडावा म्हणून पांढरा पुठ्ठा धरून ती कॅमेऱ्याशेजारी उभी होती. 'वेसन यांचे धाडसी छोटे घर' असे खाली छापून आले. खोटे कशाला बोलू, मासिकात चित्र आले म्हणून मीही तेव्हा फुशारले होते.

नॅडीन बारा वर्षांची असताना तिचा अख्खा वर्ग मला पाहायला आला. बाईंनी विचारले, "नॅडीन, हे घर कुणी काढलं, सांगशील?" ओपल सरबताचे पेले घेऊन दारात उभी होती. नॅडीनला उत्तर माहीत होते. आईच्या पलंगाखालच्या सावल्यांच्या वह्या तिने कितीदा उघडून पाहिल्या होत्या. पण वर्गातल्या मुलींना एकच नाव माहीत होते. ती म्हणाली, "क्लिफर्ड वेसन." मुलींचे डोळे मोठे झाले. ओपल पुढे आली आणि म्हणाली, "सरबत घ्या गं, गार आहे तोवर."

त्यावर मायलेकी पुढे कधीही एक शब्द बोलल्या नाहीत.

मग माझे दिवस फिरले. सपाट छपरांची घरे लोकांना आवडेनाशी झाली. येणारे जाणारे मला 'चपलेचा खोका' म्हणू लागले. वॉल्टने माझ्या गुळगुळीत फरशीवर तपकिरी गालिचा चिकटवला. छपराचे डांबर तडकले आणि पाऊस क्वचितच पडणाऱ्या या गावातही मी दोनदा गळले. कुणी म्हणे कौले घाला, कुणी म्हणे डोंगराकडे खिडकी फोडा. ओपल सगळ्यांचे ऐकून घेई आणि काहीच फोडू देत नसे. वॉल्ट गेल्यानंतर, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, तिने गुडघ्यांवर बसून तो गालिचा एकटीने खरवडून काढला. आठ दिवस लागले. फरशी पुन्हा चमकली, तेव्हा ती त्यावर पाय पसरून बसली आणि वॉल्टला दोन शिव्या घालून हसली.

आणि मग या ऑगस्टमधला तो गुरुवार आला. घर डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मत द्यायचे नाही असा समितीचा नियम आहे, म्हणून सभा माझ्याच मोठ्या खोलीत भरली. वाचनालयातून घडीच्या खुर्च्या आणल्या होत्या. संध्याकाळचे पाच वाजले होते आणि बाहेर, आमच्याकडच्या फॅरनहाइट मोजणीने, एकशे चौदा अंश होते. माझे सगळे पडदे उघडे होते. सात सभासदांपैकी एकानेही उन्हामुळे खुर्ची हलवली नाही.

समितीतले वेसनचे जाणकार, ब्रूस टोलमन, अर्ज हातात घेऊन बोलू लागले. "वेसन यांच्या कारकिर्दीतला हा एकमेव अपवाद. डोंगर नाकारण्याचं धाडस."

"त्या धाडसाला विचारा, ऑगस्टमध्ये ते कुठे असायचं," मागून आवाज आला. सत्त्याऐंशी वर्षांचा एफ्राईन काठीवर हनुवटी टेकून बसला होता.

"सेन्योर साल्सेडो, तुमची पाळी आली की बोला," अध्यक्षा डोलोरेस पेन्या म्हणाल्या.

"पाळीची वाट बघत माझे केस गेले, बाई."

लोक हसले. ब्रूसही हसले, पण पुढे म्हणाले, "तुमचा रोख कळतोय मला. पण वेसनचं नाव वगळलं तर हे घर मंजूर करायला माझ्याकडे काही कारण उरत नाही, हे लक्षात घ्या."

 एफ्राईन पुढच्या रांगेतल्या नॅडीनकडे पाहून हलकेच म्हणाला, "मिहा, पोरी, मी फक्त ठोकळे रचले. बोलायचं तुला आहे."

"मालकांना काही सांगायचं आहे का?" अध्यक्षांनी विचारले.

मित्रांनो, तिने मान हलवून 'नाही' म्हटले असते तर सातही मते मला मिळाली असती. आईने तेच करायला सांगितले होते. नॅडीन उभी राहिली.

ती काय बोलली ते सांगतेच, पण निकाल आधी सांगून टाकते. तिचे बोलणे झाल्यावर ब्रूस टोलमन उठले, माझ्या पश्चिमेच्या भिंतीपाशी गेले आणि आतल्या बाजूने तिच्यावर तळहात ठेवून बराच वेळ उभे राहिले. बाहेर आग होती आणि भिंत गार होती. मग त्यांनी घड्याळ पाहिले. मते पडली चार विरुद्ध तीन, आणि चौथे मत त्यांचे होते. मी आता ऐतिहासिक वास्तू आहे. रस्ता मला वळसा घालून जाणार आहे. माझ्या दारावर पितळी पाटी लागली आहे आणि तिच्यावर खरे नाव आहे. आता लोक मला पाहायला येतात तेव्हा मी ताठ उभे असते.

तुमच्या गावातही माझ्यासारखी घरे असतील. त्यांच्यावर पाटी नसेल, त्यांना खोका म्हणत असतील. ती पाडण्यापूर्वी, निदान त्यांना रंग फासण्यापूर्वी, एकदा आत जाऊन बसा. वारा कुठून येतो, ऊन कुठे थांबते ते पाहा. कुणीतरी तुमच्यासाठी आधीच तो विचार करून ठेवलेला असतो. त्या माणसाचे नाव विचारा, आणि माहीत असेल तर तो माणूस ऐकायला आहे तोवर सांगा. मला एवढेच मागायचे आहे.

आता नॅडीन काय बोलली ते.

तिने खुर्चीची पाठ धरली होती. आवाज बारीक होता, पण खोली माझी आहे, मला सगळे ऐकू आले.

"अर्जात एक चूक आहे. ती मी केलीय. रचनाकाराच्या रकान्यात मी लिहिलेलं नाव खोटं आहे. माझ्याकडे त्रेपन्न रविवारांच्या सावल्यांच्या वह्या आहेत. हव्या तर बघा. पण मला वह्यांची गरज नाही. मला बारा वर्षांची असल्यापासून माहीत आहे. तेव्हाही असंच चारचौघांत विचारलं होतं, आणि ती ऐकत असताना मी दुसऱ्याचं नाव सांगितलं होतं. तिने मला कधी जाब विचारला नाही. मीही तिच्याशी कधी बोलले नाही. पुढच्या वेळी बोलू, असं म्हणत राहिले."

"नोंदीसाठी नाव सांगा," अध्यक्षा म्हणाल्या. "जरा मोठ्याने."

नॅडीनने खुर्ची सोडली आणि सरळ उभी राहिली.

"ओपल ब्रँट. हे घर ओपल ब्रँटने काढलं. मी तिची मुलगी."