काकूच्या हातचं

बाजार उठायची वेळ झाली की घरातली थोरली सून पिशवी घेऊन निघायची. तेव्हा भाजीवाल्यांना घरी पळायची घाई असते. दबलेले टोमॅटो, वाकडी गाजरं, पानं जरा मलूल झालेला पालक स्वस्तात मिळतो. "शिजल्यावर सगळी गाजरं सरळच," ती म्हणायची, आणि तिचं बोट धरून चालणारी पुतणी दर वेळी खुदकन हसायची.

थोरलीला मूलबाळ नव्हतं. नवरा कुलपं-किल्ल्यांची कामं करायचा, ती घरी पडदे शिवायची. धाकट्या दिराची बायको बाळंतपणात गेली आणि ती एवढीशी पोर थोरलीच्या पदरात आली. जीव चिमणीएवढा आणि खाणंही तसंच, म्हणून सगळे तिला चिमणीच म्हणायला लागले. पुढे ती शाळेत जायच्या वयाची झाली तरी गाल पांढरेफटक. डॉक्टर म्हणाले, "हिच्या अंगात रक्तच नाही. औषधं देतो, पण खरं काम स्वयंपाकघरातलं."

थोरलीने ते काम अंगावर घेतलं. चिमणीला पालेभाजी नुसती दिसली तरी उलटी यायची. मग थोरली पालक वाटून अंड्यात फेटायची आणि तव्यावर ओतून म्हणायची, "हा बघ पोपट आला." डाळ मऊ शिजवून, टोमॅटोबरोबर घोटून, गाळून वाटीत द्यायची, वरून लिंबू पिळायची. लिंबाशिवाय पालेभाजी-डाळ अंगी लागत नाही, हे तिने डॉक्टरांकडून खोदून खोदून विचारून घेतलं होतं. वाटी पुढे ठेवली की तिच्याकडे बघायचं नाही. आपण पडद्याला टीप मारत बसायचं. पोर खाते का म्हणून टक लावून बसलं की ती हमखास तोंड मिटायची. हळूहळू चिमणीच्या गालांवर रंग चढला. ती जिन्यावरून धडाधडा उतरायला लागली, तेव्हा शेजारीण म्हणाली, "चिमणीचा घोडा झाला की!"

मग धाकट्याने दुसरं लग्न केलं. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. त्याच सुमारास त्याला दुसऱ्या शहरात चांगली नोकरी लागली. नवी बायको चपलांच्या दुकानात कामाला होती. मनाने निर्मळ बाई. तिला नावं ठेवायला जागा नव्हती, आणि थोरलीची पंचाईत तीच होती.

निघायच्या आदल्या दिवशी धाकटी स्वयंपाकघरात आली. "जाऊबाई, चिमणीला काय काय करून घालता, मला जरा दाखवा ना. मला काही म्हणजे काही येत नाही."

थोरली भांडी पुसत होती. तिने मागे वळूनही पाहिलं नाही. "त्यात काय दाखवायचंय? सगळं खाते ती. काही त्रास नाही."

रात्री नवऱ्याने एवढंच विचारलं, "का गं, धाकटीला काहीच सांगितलं नाहीस?"

"विचारलंच नाही तिने," थोरली म्हणाली आणि कूस बदलली.

ती माणसं गेली. घर खायला उठलं. धाकट्याचा फोन यायचा: "वहिनी, पोरगी ताटावर रडते. म्हणते, काकूच्या हातचं पाहिजे." थोरली तोंडाने "अगं बाई!" म्हणायची, पण आत कुठेतरी तिला गुदगुल्या व्हायच्या. फोन ठेवल्यावर ती आपसूक गुणगुणायला लागायची.

एके दिवशी फोन आला तो वेगळा. चिमणी शाळेत चक्कर येऊन पडली होती. रक्त पुन्हा पार खाली गेलं होतं.

थोरलीच्या हातातलं कापड गळून पडलं. शिवणाचं काम तसंच टाकून ती मिळाली त्या बसने निघाली. वाटभर ती स्वतःलाच म्हणत होती, तू केलंस हे. तूच केलंस.

दार धाकटीने उघडलं. तिचे डोळे सुजलेले होते. स्वयंपाकघरात महागड्या ताकदीच्या पावडरींचे डबे ओळीने मांडलेले होते, फ्रीजमध्ये फळं सुकत होती. "मी काय कमी केलं, जाऊबाई? दिवसभर तिच्यामागे ताट घेऊन फिरते."

तेवढ्यात आतून चिमणी धावत आली आणि कमरेला बिलगली. तिचे दंड काडीसारखे लागले. "काकू, मला न्यायला आलीस?"

थोरलीने तिच्या केसांवरून हात फिरवला. "तुला जेवू घालायला आले, राणी."

त्या दिवशी चिमणी वाटी चाटूनपुसून जेवली. दुसऱ्या दिवसापासून थोरलीने धाकटीला शेजारी उभं केलं. पालक कसा वाटायचा, डाळ किती घोटायची, लिंबू कधी पिळायचं, सगळं तिच्याच हातून करून घेतलं. "आणि तिच्याकडे बघू नकोस. आपलं काम करत बस." धाकटी भराभर शिकली. तिच्या हाताला चवही होती. पण चिमणी तिची वाटी बाजूला सारायची. "ही नको. काकूची."

थोरलीने ते पाहिलं आणि रात्रभर तिचा डोळा लागला नाही.

सकाळी शेगडीवर दोन भांडी चढली. धाकटीची डाळ तिने मंद आचेवर ठेवायला लावली. आपल्या भांड्यात मात्र पाणी घातलंच नाही म्हणा ना, आच मोठी केली आणि उभी राहिली. डाळ तळाला लागली. वास सुटला. उभ्या जन्मात तिच्या हातून दाणा करपला नव्हता. हात आपोआप भांड्याकडे जात होता. तिने तो पदरात घट्ट धरून ठेवला.

दोन्ही वाट्या चिमणीसमोर आल्या. तिने काकूच्या वाटीतला घास तोंडात घातला आणि तोंड वेडंवाकडं केलं. "ई! कडू आहे!"

"म्हातारी झाले ना मी," थोरली म्हणाली. "आता हात चालत नाही. तुझ्या आईची बघ."

चिमणीने साशंकपणे दुसऱ्या वाटीत चमचा बुडवला. मग पुन्हा बुडवला. थोरलीने उगाच ओटा पुसायला घेतला.

धाकटीने ती करपलेली वाटी उचलून बोटाने चाटून बघितली. भांड्याचा काळाठिक्कर तळ पाहिला. "जाऊबाई..." ती थोरलीकडे वळली.

"काही बोलू नकोस. लिंबू पिळलंस का?"

पुढेही थोरलीने आपल्या हातून रोज काहीतरी बिघडवलं. कधी मीठ जास्त, कधी भात कच्चा. चिमणी तिला हसायला लागली. "काकूला काहीच येत नाही!" एकदा वाटी रिकामी झाली तेव्हा ती स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडली, "आई, अजून दे!" दोघीही वळल्या. थोरली दोन पावलं पुढे गेली होती. ती तिथेच थांबली.

निघताना चिमणी दारापर्यंत आली. रडली नाही. तिच्या हातात हिरव्या अंड्याचा तुकडा होता. "टाटा काकू," म्हणाली आणि खात खात आत पळाली.

घरी पोचल्यावर नवऱ्याने विचारलं, "कशी आहे आपली पोर?"

"जेवते," थोरली म्हणाली. "तिच्या हातचं जेवते." ती पिशवीसकट जमिनीवर बसली आणि हुंदके देऊन रडायला लागली. नवरा शेजारी येऊन बसला. त्या दिवशी त्या घरात चूल पेटलीच नाही.