पुढारीण वाळीत पडली

"उठता-बसता कुणी तुला खंबीर म्हणायला लागलं की सावध हो," जाऊबाईंनी बजावलं होतं. "ओझं लादायच्या आधी गाढवाची पाठ थोपटतात."

"जाऊबाई, तुम्हाला सोन्यातही खोट दिसते," असं हसून म्हणत लेकुरवाळीने लेकाला त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि विद्यापीठ गाठलं.

बाळंतपणात अर्धवट सुटलेलं शिक्षण पुरं करायला ती परतली होती. वर्गातल्या साऱ्या मुली तिच्याहून लहान. डबा कुणाशेजारी बसून खायचा, हाच रोजचा घोर. म्हणून पुढारणीने ग्रंथालयातल्या आपल्या टेबलाशी खुर्ची ओढून दिली, तेव्हा तिला आभाळ ठेंगणं झालं. पुढारीण म्हणजे कुणी न निवडता वर्गाची झालेली मालकीण.

त्या टेबलाची रीत अशी, की प्रत्येकीने एक धडा वाचायचा, सोपा करून फोनवर आपल्या आवाजात रेकॉर्ड करायचा आणि बाकीच्यांना पाठवायचा. हळूहळू सगळ्यांचे धडे तिच्याकडेच सरकले.

"लेकुरवाळे, किती गं खंबीर तू. आम्हाला साधं मांजर सांभाळवत नाही," पुढारीण म्हणायची. "एवढा एक धडा घे ना."

ती घ्यायची. दुपारी घरी लेकाला थोपटता थोपटता मागणी-पुरवठा समजावून सांगायची. मध्येच "शी झाली का रे राजा?" असं तोंडून जायचं. ते काढून टाकायला सवड कुणाला होती?

एके दिवशी कॅन्टीनच्या रांगेत पुढच्या मुलीच्या फोनमधून तिचाच आवाज आला. शी झाली का रे राजा, शी झाली का रे राजा. खाली ढोलकीचा ठेका, वर लेकाचं रडणं.

"भारी आहे ना?" ती दुसऱ्या तुकडीतली मुलगी म्हणाली. "तुमच्याच पुढारणीने बनवलंय. तुमच्या ग्रुपवर नाही आलं?"

आपल्याला वगळून वर्गाचा एक ग्रुप आहे, हे लेकुरवाळीला तेव्हा कळलं. तळपायाची आग मस्तकाला गेली. तिला हसले असते तर तिने गिळलंही असतं. पण इथे लेकाचं रडणं नाचायला वापरलं होतं.

हात धुऊन ती टेबलाशी जाऊन बसली.

"चेहरा का उतरलाय गं?" पुढारणीने विचारलं.

"लेकाचे दात येतायत."

"निभावशील. खंबीर आहेस."

परीक्षा तोंडावर आली तेव्हा तिने अख्खा विषय रेकॉर्ड केला, जीव ओतून. मग एकेका मुलीला वेगळा पाठवला, एकीला सोडून. सोबत निरोप होता: पुढारणीला दिलात किंवा तिच्याजवळ बसलेल्या दिसलात, तर पुढचा विषय विसरा.

गरजवंताला अक्कल नसते. दुसऱ्याच दिवशी सगळ्या खुर्च्या पुढारणीला सोडून लेकुरवाळीने धरलेल्या खिडकीजवळच्या टेबलाकडे सरकल्या.

"मला धडे आले नाहीत गं," पुढारीण तिला जिन्यात गाठून म्हणाली.

"तू पुढारीण. तू खंबीर. निभावशील की."

सूड कडू असतो म्हणणाऱ्यांनी तो चाखलेला नसतो. त्या आठवड्यात तिला अन्न गोड लागलं, झोप गाढ लागली. पुढारीण नळाजवळ उभ्याने डबा खायची आणि बंद पडलेला फोन कानाला लावून कुणाशी तरी बोलायची. लेकुरवाळी ते डोळे भरून बघायची.

मग पुढारीण यायचीच बंद झाली. परीक्षेलाही तिचा बाक रिकामा होता.

"तिची माणसं लांब असतात. खोलीवर जाऊन बघायचं का?" एकीने भीत भीत विचारलं. सगळ्या लेकुरवाळीकडे बघू लागल्या. 'जा' एवढं म्हटलं असतं तरी त्या धावल्या असत्या.

तिने पिशवीतून डोकावणारं लेकाचं दुपटं आत कोंबलं. "मला घरी उशीर होतोय," ती म्हणाली.

ती अजूनही जा म्हणालेली नाही, म्हणून कुणी गेलेलं नाही. तेव्हा ही गोष्ट सांगणारी मी तुम्हालाच सांगते. शिंप्याच्या दुकानावरची खोली, जिना चढलात की डावीकडचं दार. कडी वाजवा. आतून "मी ठीक आहे" असं आलं, तरी दार उघडेपर्यंत हलू नका.