पुसण्याआधी

विनीतसरांनी बारा वर्षांत दर्शना शिवगणला कधी खुर्ची दिली नव्हती. त्या शुक्रवारी त्यांनी तिला केबिनमध्ये बोलावून बसायला सांगितलं.

"तुमच्या फोनवर हजेरीचं नवं ॲप चालत नाही ना? हातखंब्याच्या सुजयकडे द्या. तो नवी सिस्टम टाकून देईल. सोमवारपासून ॲपशिवाय गेट उघडणार नाही."

विनीतसर कारखान्याचे मॅनेजर; तिथे आंब्याचा पल्प डब्यात भरणाऱ्या बायकांवर दर्शना देखरेख करायची. परत आलेल्या जुन्या डब्यांवर नव्या तारखांची लेबलं लावून घ्या, असं सरांनी गेल्या महिन्यात तिला फोनवर सांगितलं होतं. तिच्या फोनमध्ये प्रत्येक कॉल आपोआप रेकॉर्ड होत असे. सोमवारी मुंबईच्या ऑफिसातून ह्या डब्यांच्या चौकशीला माणसं येणार होती, आणि ते रेकॉर्डिंग ती त्यांना ऐकवणार होती. हे तिने फक्त कारखान्यातल्याच अक्षयाला सांगितलं होतं. दोघी रोज एकाच रिक्षाने यायच्या-जायच्या.

संध्याकाळी रिक्षात अक्षया म्हणाली, "दे गो तुझा फोन. मी उद्या हातखंब्याला जातेच आहे."

"नको, मलाही काम आहे तिकडे." काम काहीच नव्हतं.

"उगाच कशाला धावपळ?" अक्षयाने हात पुढे केला. दर्शनाने पर्स मांडीवर ओढून घेतली, आणि मग तिचं तिलाच कसंसं झालं.

शनिवारी ती हातखंब्याला पोचली. हायवेलगतच्या मोबाइल दुरुस्तीच्या गाळ्यात सुजय एकटाच होता. तिने सरांचं नाव सांगितल्यावर तो म्हणाला, "अक्षया मॅडम आणणार होत्या ना फोन?"

"कोण म्हणालं असं?"

"सरच. परवा फोन आला होता त्यांचा."

परवा म्हणजे गुरुवारी. तिला केबिनमध्ये बोलावण्याच्या आदल्या दिवशी. दर्शना स्टुलावर बसली. परत जावं असं फार वाटलं, पण ॲप नसेल तर सोमवारी गेटबाहेरच राहावं लागणार होतं.

"नवी सिस्टम टाकायला फोनच्या कंपनीने घातलेलं कुलूप काढावं लागतं, आणि ते काढलं की आतलं सगळं पुसलं जातं," सुजय म्हणाला. "म्हणून मी आधी बॅकअप घेतो. पण सर म्हणाले, नको, महत्त्वाचं काही नाही त्यात."

"फोन माझा आहे. बॅकअप पाहिजे, आणि ह्यावर पाहिजे." तिने सकाळीच घेतलेला पेनड्राइव्ह काढला.

त्याने तो लॅपटॉपला लावला. फोटो, नंबर, मेसेज उतरले. दर्शना प्रत्येक नाव वाचत होती.

"कॉलचं रेकॉर्डिंग कुठे आहे?"

"ते वेगळ्या फोल्डरात असतं, सुटतं नेहमी." त्याने तेही घेतलं. खरंच सुटलं होतं की सोडलं होतं, हे तिला त्याच्या चेहऱ्यावरून कळेना.

"आता उघडून बघा," तो म्हणाला. "न उघडता भरवसा ठेवू नका. पुसल्यावर मला काही करता येणार नाही."

तिने त्याच्याकडून इअरफोन मागून घेतला. विनीतसरांचा आवाज स्वच्छ आला, शेवटपर्यंत. सुजय तेवढा वेळ रस्त्याकडे बघत होता. तिने पेनड्राइव्ह काढून रुमालात बांधला आणि मगच फोन त्याच्या हातात दिला.

तासाभराने फोन नव्यासारखा सुरू झाला. सुजयने पेनड्राइव्ह मागून घेऊन सगळं परत भरलं. रेकॉर्डिंग फोनवरही वाजलं. तरी घरी जाण्याआधी तिने रत्नागिरीत बहिणीच्या कॉम्प्युटरवर आणखी एक प्रत करून ठेवली.

सोमवारी चौकशीच्या खोलीत तिने फोन टेबलावर ठेवला, तेव्हा विनीतसर हसून म्हणाले, "ह्यांचा फोन तर परवाच कोरा..." आणि थांबले.

"परवा काय झालं?" मुंबईच्या साहेबांनी विचारलं.

दर्शनाने रेकॉर्डिंग लावलं.

आठवडाभरात सरांना कामावरून काढलं. जुने डबे गोदामातून हलवून नष्ट केले. सरांना काढलं त्या संध्याकाळी रिक्षात अक्षया म्हणाली, "माझ्या भावाला नोकरीत कायम करतो म्हणाले होते सर. फोन फक्त सुजयला द्यायचा, एवढंच सांगितलं मला. दर्शना, मी दुसरं काही केलं नाही."

ते खरं असेलही, पण रेकॉर्डिंगचं अक्षयाशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. दर्शनाने ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून ती एसटीने जाऊ लागली.