मागच्या चाकाचा धागा

"आगे का चाक चमक गया, टाकी चमक गई. पीछे का क्या अब अगले साल खोलते जी?" सगीराबींनी चहाचा कप पान्यांच्या डब्यावर ठेवत विचारलं.

शफीकभाई टाकीची निकेलची पट्टी पुसत होते. सकाळपासून ती तीनदा पुसून झाली होती. आता तिच्यात त्यांचाच चेहरा दिसायला लागला, तेव्हा त्यांनी फडकं खाली ठेवलं.

बजाजनगरातल्या त्यांच्या घरापुढे जेमतेम एक गाडी मावेल एवढी पत्र्याची शेड होती. घरातले तिला मोठ्या ऐटीत गॅरेज म्हणत. वाळूजच्या कारखान्यात एकतीस वर्षं फिटर म्हणून घासल्यावर शफीकभाई निवृत्त झाले आणि मग गल्लीतले रुसलेले मिक्सर, शिलाई मशिनं, पाण्याच्या मोटारी या शेडमध्ये उपचाराला येऊ लागल्या. गेले दोन महिने मात्र इथं एकच रोगी होता. साठीच्या घरातली, तांबड्या रंगाची जुनी जावा मोटारसायकल. देवगाव रंगारीहून टेम्पोतून आली तेव्हा तिच्या सीटमध्ये उंदरांनी संसार थाटला होता आणि सायलेन्सरमधून मूठभर बाजरी निघाली. शफीकभाईंनी तिचा सांधा न् सांधा सुटा केला, रॉकेलमध्ये धुतला, घासला, परत बसवला. परवा इंजिन तिसऱ्या किकला बोललं, तेव्हा समोरच्या घरातली माणसं जेवणं सोडून बघायला आली.

राहिलं होतं ते मागचं चाक. ब्रेकचा रॉड जिथं चाकाला जोडतात, तिथं हिरव्या कापडाची एक घट्ट गुंडाळी होती. तिला त्यांनी अजून बोटसुद्धा लावलं नव्हतं. खरं सांगायचं तर त्यांची छाती होत नव्हती.

गाडी बद्रीनाथची. बद्रीनाथ एका कारखान्याच्या कँटीनमध्ये आचारी होता आणि याच लाइनीत, भिंतीला भिंत लावून राहायचा. कँटीनमध्ये नवा पदार्थ करायचा झाला की आधी वाटीभर सगीराबींकडे यायचा. त्यांनी नाक मुरडलं की तो पदार्थ रद्द. ही जावा त्याने कुणाकडून तरी जुनीच घेतली होती आणि तिच्यावर त्याचा जीव होता. तिची दुरुस्ती शफीकभाईंशिवाय दुसऱ्या कुणी केलेली त्याला चालायची नाही.

बावीस वर्षांपूर्वी, पोळ्याच्या दिवशी, सात वर्षांच्या मुलाला, कडूबाला, पुढे टाकीवर बसवून बद्रीनाथ गावी, देवगाव रंगारीला, निघाला. खुलताबाद सोडलं, वेरूळचा घाट उतरायला लागला आणि वळणावर समोरून ट्रक आला. गाडी आवरली नाही. बद्रीनाथ जागीच गेला. कडूबा झुडपात फेकला गेला. त्याला खरचटलंसुद्धा नाही.

लोक म्हणाले, ट्रक आला. कागदावरही तेच लिहिलं गेलं. पण सरूबाई, बद्रीनाथची बायको, दहाव्याला आलेल्या बायांना सांगत होती, "निघताना मला म्हणले, बघ, शफीकनं खुलताबादच्या दर्ग्याचा धागा बांधलाय गाडीला. त्या धाग्यानं माझं लेकरू राखलं, बाई."

शफीकभाई तेव्हा पाण्याची घागर घेऊन उंबऱ्यात उभे होते. त्यांच्या हातातून घागर सुटली नाही एवढंच. कारण त्यांनी दर्ग्याचा धागा कधी बांधलाच नव्हता.

कारखान्यातल्या त्यांच्या खात्यात फिटर लोकांची एक रीत होती. एखादं काम अर्धवट सोडून उठावं लागलं, बोल्ट आवळायचा राहिला, पिन घालायची राहिली, की त्या जागी लाल धाग्याचे चार वेढे द्यायचे. पुढच्या पाळीच्या माणसाला कळायचं की इथं काम बाकी आहे. काम झालं की धागा कापायचा. शफीकभाईंच्या खिशात एकतीस वर्षं लाल धाग्याचं रीळ होतं, आणि घरच्या कामातही त्यांची ही सवय सुटली नव्हती. हे खात्यातल्या कुणालाही माहीत होतं. कँटीनच्या आचाऱ्याला कुठून माहीत असणार?

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी जावाच्या मागच्या ब्रेकला नवे लायनर बसवले होते. रॉड चाकाला जोडणारी बोटाएवढी खीळ घातली. ती निसटू नये म्हणून तिच्या टोकाच्या भोकात एक बारीक दुहेरी पिन घालून तिचे पाय फाकवायचे असतात. जुनी पिन काढताना मोडली. शफीकभाईंनी सवयीने धागा बांधला आणि डबा धुंडाळायला घेतला. तळाशी पिन सापडली. ती बोटांत धरलेली त्यांना आठवत होती. तेवढ्यात रात्रपाळीच्या बसने हॉर्न दिला. पिन घातलेली मात्र आठवत नव्हती.

बावीस वर्षं ते स्वतःला सांगत आले होते, घातली असेल. पिन घातली असेल आणि गडबडीत धागा कापायचा राहिला असेल. असं होतं की कधी कधी. ही एवढीशी शक्यता त्यांनी जिवापाड जपली होती. सरूबाई गावी राहायला गेली, तरी तिच्या घराचा पत्रा बसवायला, कडूबाच्या शाळेच्या दाखल्याला, आजारपणाला हेच धावत. दर वर्षी उरसाला सरूबाई फुलं आणि रेवड्या घेऊन खुलताबादला यायची आणि हे तिच्या मागे हात बांधून उभे राहायचे. लोकांना वाटायचं, किती श्रद्धाळू माणूस आहे.

आता कडूबा शाळेत मास्तर झाला होता. त्याने हट्ट धरला, "काका, बाबांची गाडी चालू करून द्या. पोळ्याला आईला मागं बसवून त्याच रस्त्यानं गावी नेणार." सरूबाईने गाडी दिली, पण बजावून दिली. "मी बांधलेल्या हिरव्या फडक्यात धागा हाये, भाऊ. सगळी गाडी खोला, तो धागा तेवढा काढू नका."

पोळा आठ दिवसांवर आला होता. आज दुपारी सरूबाई गाडी बघायला येणार होती.

"सगीरा," शफीकभाई म्हणाले, "जरा इथं बस."

आवाज ऐकून सगीराबी उलट्या बादलीवर बसल्या. शफीकभाईंनी त्यांना सगळं सांगितलं. चाळीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा. सांगताना त्यांची नजर गाडीवरून हटली नाही.

"या अल्ला," एवढंच सगीराबी म्हणाल्या. मग बादली पुढे सरकवून, "खोलो तो सही. होगी पिन. तुम बोलते ना, होगी."

शफीकभाई खाली बसले. हिरव्या कापडाची गाठ बावीस वर्षांत दगडासारखी झाली होती. ती सुटेपर्यंत त्यांच्या कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरला. कापड निघालं. आत लाल धागा होता, काळपट, तेल पिऊन ताठ झालेला. चार वेढे, शेवटी त्यांचीच गाठ.

पिन नव्हती. खीळही नव्हती. भोकं मोकळी होती आणि ब्रेकचा रॉड चाकाच्या पट्टीला फक्त त्या धाग्याने लटकला होता.

शफीकभाईंना वाटलं होतं, हे दिसलं तर आपण ओरडू, किंवा छातीत कळ येईल. तसं काही झालं नाही. ते बघत राहिले. उतारावर बद्रीनाथने ब्रेकवर पाय दिला असेल आणि पाय पोकळ खाली गेला असेल. त्या क्षणी त्याला काय वाटलं असेल, तेवढंच त्यांच्या मनात आलं. दोस्ताचा पाय आणि खाली काहीच नाही.

सगीराबींनी आत जाऊन शिलाईची कात्री आणली. त्या व्यवहाराला पक्क्या होत्या.

"काटो. नई खीळ डालो, पिन डालो, और ऊपर से धागा वैसाइच बांध देव. कौन देखता? उसका यकीन है, यकीन रहने देव. वो बेचारी का क्या बिगड़ता?"

बोलणं खोटं नव्हतं. सरूबाईची श्रद्धा राहिली असती, कडूबा सुखरूप घाट उतरला असता आणि शफीकभाईंना या घरात, त्या घरात, सगळीकडे तोंड दाखवता आलं असतं. त्यांनी कात्री हातात घेतली. खिशातलं रीळ काढलं. आणि तिथंच अडले. काम पुरं झालेल्या जागी लाल धागा बांधायचा? एकतीस वर्षांत हजारो सांधे त्यांच्या हाताखालून गेले होते, पण असं कधी केलं नव्हतं. बद्रीनाथच्या बाबतीत एकदा धाग्याचा अर्थ सांगायचा राहून गेला. आता पुन्हा त्याच जागी जाणूनबुजून खोटा धागा बांधायला हात उठेना. कात्री त्यांनी डब्यावर ठेवून दिली.

बारा वाजता फाटकाशी रिक्षा थांबली. सरूबाई उतरली, हातात पिशवी, पिशवीत शेंगा. शेडमध्ये येऊन तिने गाडी बघितली आणि पदर तोंडाशी नेला.

"अगं बाई! नवी नवरीच की. लई मेहनत घेतली, भाऊ." तिने टाकीवरून हात फिरवला. मग तिची नजर मागे गेली. "फडकं काऊन सोडलं?"

शफीकभाई उभे राहिले.

"वहिनी, तो धागा दर्ग्याचा नाय."

"म्हंजी?"

"आमच्या खात्यातला हाये. काम राहिलं का बांधायचा. त्या सांजंला माझ्याकडून पिन घालायची राहिली. बस आली, मी गेलो. सकाळी येऊन परत बघणार होतो, तर बद्री लवकर निघून गेला. त्याचा ब्रेक लागलाच नसंल, वहिनी. माझ्यामुळं."

सरूबाई गाडीकडे बघत राहिली. बाहेरून कांदेवाला ओरडत गेला. सगीराबी दारात पदराचा बोळा करून उभ्या होत्या.

"बावीस वर्सं," सरूबाई शेवटी म्हणाली. "दर उरसाला रेवड्या न्हेते मी. तुमी माझ्यामागं उभं ऱ्हायचे."

"व्हय."

"तवा माह्यीत व्हतं?"

"पक्कं नव्हतं. पण भीती व्हती. रोज व्हती."

"आन मंग आता काऊन सांगितलं? नसतं सांगितलं तर मला मरेपोत कळलं नसतं."

"पिन घालायची तर धागा कापाया लागतो," शफीकभाई म्हणाले. "कापला असता तर परत बांधून तुम्हाला फसवाया लागलं असतं. ते झालं नाय माझ्याच्यानं."

सरूबाईने डब्यावरची कात्री उचलली. एक क्षण शफीकभाईंना वाटलं, ही आता काहीही करेल, आणि केलं तरी आपण हात आडवा घालायचा नाही. ती गाडीच्या मागे जाऊन खाली बसली. दोन बोटं आत घालून तिने धागा चाचपला, जसा दर वर्षी फडक्यावरून चाचपायची तसाच. मग गाठीपाशी कापला आणि उलगडून घेतला. रॉड टणकन फरशीवर पडला.

"घाला पिन," ती म्हणाली. "माझ्या डोळ्यांदेखत घाला."

त्यांनी नवी खीळ घेतली. रॉड लटकत होता, भोकाला भोक जुळेना. सरूबाईने रॉडचं टोक घट्ट धरलं. खीळ बसली. पिन आत गेली. शफीकभाईंनी पकडीने तिचा एक पाय वाकवला, मग दुसरा. सरूबाईने नखाने पिन ओढून बघितली. जागची हलली नाही.

"एवढंच काम व्हतं?"

"एवढंच."

मग तिला रडू फुटलं. तिथंच, चाकाशेजारी, मांडीवर हात टाकून ती रडली. सगीराबी जवळ आल्या, पण तिला हात लावायचं त्यांना धाडस झालं नाही. चहाचं कुणी नाव काढलं नाही.

डोळे पुसून सरूबाई उठली. कापलेला धागा तिच्या मुठीतच होता. तिने तो सरळ केला, गाडीच्या हँडलला चार वेढे दिले आणि गाठ मारली. शफीकभाईंसारखी नव्हे, आपली साधी.

"कडूबा रविवारी येतोय गाडी न्यायला," ती म्हणाली. "त्याला मी काय बी सांगणार नाय. तुमी सांगायचं. आत्ता मला सांगितलं तसं, सगळं. सांगून झालं का मंग कापा धागा."

"तो काय म्हनंल?"

"मला काय ठाव? त्याचा बाप व्हता."

शेंगांची पिशवी तिने तिथंच राहू दिली. ती विसरली की ठेवून गेली, ते शफीकभाईंना कळलं नाही. रिक्षा वळणावर दिसेनाशी होईपर्यंत ते फाटकात उभे होते.

रविवारी ते उजाडताच उठले. अंघोळ केली, धुतलेला कुडता घातला आणि शेडच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसले. गाडी मागे उभी होती, ऊन पडून लखलखत. सगीराबी फडकं घेऊन आल्या, टाकी पुसली, दिवा पुसला आणि हँडलपाशी येऊन थांबल्या. तो काळा पडलेला धागा त्या चकचकीत निकेलवर फार वाईट दिसत होता.

"ये तो निकालूं जी? लड़का आने का टाइम हुआ."

"नक्को," शफीकभाई म्हणाले. "काम बाकी है."

गल्लीच्या टोकाला कडूबा येताना दिसला. चालणं थेट बद्रीनाथचं. शफीकभाईंनी खुर्चीचे हात धरले आणि ते उभे राहिले.