धुतलेल्या खिडक्या

फुसाएबाईंच्या हातांना स्वस्थ बसणं ठाऊकच नव्हतं, आणि सगळा घोटाळा त्यातूनच झाला.

जपानच्या डोंगरातल्या ओकुताने गावात कचऱ्याची गाडी येत नाही. ज्याने त्याने आपला कचरा धुऊन, वाळवून, वरची लेबलं काढून केंद्रावर आणायचा आणि चव्वेचाळीस पेट्यांत आपल्या हाताने वेगळा करायचा. फुसाएबाई पंधरा वर्षं त्या पेट्यांवर देखरेख ठेवून होत्या. त्यांच्या नजरेतून दह्याचं न धुतलेलं झाकणही सुटत नसे. समोरच्याच घरात राहणाऱ्या हात्सुएबाईंची सोया सॉसची बाटली त्यांनी एकदा चारचौघांत परत केली होती, "आतून धुतलेली नाही" म्हणून. तेव्हापासून अकरा वर्षं हात्सुएबाईंनी अबोला धरला होता. त्या आपला कचरा पोस्टमनच्या हाती पाठवत, आणि तोही मुद्दाम लख्ख धुऊन.

आता जुनी पत्र्याची शेड पाडून नवी इमारत उभी राहत होती. एका अंगाला पेट्या आणि दुसऱ्या अंगाला गावाने बसून चहा प्यायचं मोठं दालन. त्या दालनाची भिंत गावातल्या जुन्या खिडक्यांची होणार होती. प्रत्येक घराने एक खिडकी दिली होती. कुवाजिमा मिस्त्रींनी शब्द दिला होता, "ज्याचं घर जिकडे, त्याची खिडकी तिकडे. चहा पिता पिता आपल्याच खिडकीतून आपलं घर बघा."

म्हणून एकशे साठ खिडक्यांच्या काचांवर घरमालकांच्या नावाच्या चिठ्ठ्या डकवल्या होत्या. मिस्त्री चार दिवस लाकूड आणायला गेले. धुळीने माखलेल्या त्या खिडक्या बघून फुसाएबाईंना राहवेना. चार दिवस कंबर कसून त्यांनी सगळ्या घासल्या. लेबल काढायचं, धुवायचं, वाळवायचं. पंधरा वर्षांची सवय. चिठ्ठ्या भिजवून काढल्या आणि प्रामाणिकपणे कागदाच्या पेटीत टाकल्या. शाई केव्हाच पाण्याबरोबर गेली होती.

मिस्त्री परत आले आणि मटकन खाली बसले.

"फुसाए-सान, नावं कुठायत?"

फुसाएबाईंनी चकाकणाऱ्या खिडक्यांकडे पाहिलं आणि मग कागदाच्या पेटीकडे. भिंतीचं काम सोमवारी सुरू व्हायचं होतं. खिडक्या ओळखल्या गेल्या नाहीत तर मिस्त्रींचा शब्द खोटा पडणार होता. मग त्या दालनात कुठल्या तोंडाने बसायचं?

"आता गावाला तुम्हीच सांगा," मिस्त्री म्हणाले.

संध्याकाळी गावच्या भोंग्यावरून, वादळाच्या सूचना येतात त्याच भोंग्यावरून, घराघरांत फुसाएबाईंचा आवाज गेला. "मी ओनिशी फुसाए. मी तुमच्या खिडक्या धुतल्या. नावंही धुतली. माझं चुकलं. रविवारी सकाळी येऊन आपापली खिडकी ओळखा हो." भोंगा बंद करायचं त्या विसरल्या, त्यामुळे पुढचं मुसमुसणंही सगळ्या खोऱ्याने ऐकलं.

रविवारी गाव लोटलं. लोक भाताचे गोळे, लोणचं, चहाचे थर्मास घेऊन आले. फुसाएबाई शिव्या खायच्या तयारीने कोपऱ्यात उभ्या होत्या. पण लोक खिडक्यांतच हरवले. चहाच्या मळ्यातल्या मियोशी आजोबांनी चौकटीवर अंगठा फिरवला आणि ओरडले, "हीच! आमच्या मोठ्याला दात येत होते ना, तेव्हा ही इथे कुरतडलीय बघा उंदरासारखी!" कुणी सरकवताना येणाऱ्या खडखडाटावरून ओळखली, कुणी तडकलेल्या कोपऱ्यावरून. वर्षानुवर्षं फक्त पेट्यांपाशी भेटणारी माणसं एकमेकांच्या घरच्या गोष्टी ऐकत बसली.

"दालन व्हायच्या आधीच दालन भरलं की," मिस्त्री हसून म्हणाले.

हात्सुएबाईही आल्या. आपली खिडकी त्यांनी पटकन उचलून घेतली. फुसाएबाईंकडे मात्र ढुंकूनही पाहिलं नाही.

दुपारपर्यंत दोनच खिडक्या उरल्या. एक ओसाकाला कायमच्या गेलेल्या शिक्षकांची, आणि एक फुसाएबाईंची. दोन्ही तपकिरी, दोन्ही सारख्याच मापाच्या. फुसाएबाई वाकून वाकून बघत राहिल्या. चाळीस वर्षं त्यांनी आपल्या खिडकीवर डाग म्हणून राहू दिला नव्हता, आणि आता ओळखायला एकही खूण सापडेना. सगळं गाव बघत होतं. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"ती उजवीकडची," मागून आवाज आला. हात्सुएबाई.

"तुम्हाला काय माहीत?"

"तुम्ही आतून बघता, मी बाहेरून. वरच्या डावीकडच्या काचेत लाट आहे. माझ्या स्वयंपाकघरातून तुमचा दिवा तिथे वाकडा दिसायचा." हात्सुएबाईंनी त्या काचेवर बोट टेकवलं. "रोज बघते. लागला की मग भांडी घासायला घेते."

फुसाएबाईंना एकदम आठवलं. तीन वर्षांपूर्वी त्या न्हाणीघरात पडल्या होत्या, तेव्हा कुणीतरी डॉक्टरांना फोन केला होता. कुणी ते आजवर कळलं नव्हतं.

"त्या दिवशी दिवा..."

"लागला नव्हता," हात्सुएबाई म्हणाल्या. "अबोला तुमच्याशी होता, तुमच्या दिव्याशी नव्हता."

फुसाएबाई सगळ्यांसमोर रडल्या. या वेळी भोंगा नव्हता, एवढंच.

मिस्त्रींनी खडूने दोघींच्या चौकटींवर खुणा केल्या. घरं समोरासमोर, म्हणून खिडक्याही शेजारी शेजारी लागणार होत्या.

हात्सुएबाईंनी पिशवीतून सोया सॉसची रिकामी बाटली काढली आणि पुढे धरली. आत काळा थेंब अजून हलत होता.

"धुतलेली नाही," त्या म्हणाल्या.

फुसाएबाई बाटली घेऊन नळापाशी गेल्या. लेबलाला नख लावलं आणि थबकल्या. मागे वळून त्यांनी विचारलं, "काढू का?"

"काढा की," हात्सुएबाई म्हणाल्या. "पण या वेळी आधी वाचून घ्या."