सही खरी, जर्सी खोटी

अक्षया गावकर वैभववाडीत घरी बसून एका ऑनलाइन बाजारासाठी काम करायची. त्या बाजारात लोक जुन्या वस्तू विकत. नाणी, घड्याळं, कॅमेरे, आणि अलीकडे खेळाडूंच्या सह्या असलेल्या बॅटी, चेंडू, जर्सी. ज्या वस्तूंबद्दल शंका येई त्यांचे फोटो अक्षयाकडे येत आणि खरं की खोटं ते तिने सांगायचं. क्रिकेटवाल्यांच्या खोट्या सह्या तिला आता बसल्या जागी ओळखू येत. पण त्या सोमवारी आलेल्या एका फोटोवर ती अडकली.

मरून रंगाची जर्सी, पाठीवर सातचा आकडा आणि त्याखाली काळ्या मार्करने केलेली विमला राणे यांची सही. सोबत मजकूर होता, ‘एक्याण्णव सालच्या अंतिम सामन्यात वापरलेली. सामना संपताच मैदानावर सही केलेली.’

विमला राणे म्हणजे फोंडाघाटच्या शाळेतल्या खेळाच्या शिक्षिका, आता निवृत्त. दोन महिन्यांपूर्वी कुणीतरी जुन्या कॅसेटमधली त्यांची कबड्डीतली एक चढाई मोबाइलवर टाकली होती. डावी बाही फाटलेली एकटी मुलगी समोरच्या चौघींना बाद करते, अंग झोकून मधल्या रेषेला हात लावते आणि तिथेच चित्रण तुटतं. लाखो लोकांनी ते पाहिलं होतं. अक्षयानेही पाचसहा वेळा पाहिलं होतं.

तिने नंबर मिळवून फोन केला. “नमस्कार, राणे मॅडम बोलताय का? मी एका कंपनीकडून बोलतेय. आपल्या एका सहीची खात्री करायची होती.”

“खंयची गो तू?” पलीकडून प्रश्न आला.

“वैभववाडीची.”

“मगे हापिसात बोलल्यासारखी कित्याक बोलतस? फोनार काय कळाचा नाय. हयसर ये.”

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्षया स्कूटर घेऊन फोंड्याला पोचली. बाईंचं घर बाजारपेठेच्या मागे होतं. साठीला टेकलेल्या, ताठ पाठीच्या बाई पडवीत काजू निवडत बसल्या होत्या. त्यांनी हात पुसले, चष्मा लावला आणि मोबाइलवरचा फोटो बराच वेळ मोठा करून पाहिला.

“सही माझीच आसा,” त्या म्हणाल्या. “जर्सी माझी नाय.”

अक्षयाला वाटलं होतं, बाई एक तर दोन्हीला हो म्हणतील किंवा दोन्हीला नाही. तिने वही पुढे केली. बाईंनी सही केली. अक्षरं तीच, प्रत्येक अक्षर सुटं सुटं. फक्त एक फरक होता. कागदावरच्या ‘राणे’ला मात्रा होती, जर्सीवरच्या ‘राणे’ला नव्हती.

“कधी कधी मात्रा द्यायची राहते का तुमची?”

“शिक्षिका होतंय गो मी. मात्रा कशी विसरतलंय?”

“मग लग्नाआधीचं आडनाव?”

“लगीनच करूक नाय. तेव्हापण राणे, आतापण राणे.”

अक्षया जराशी ओशाळली. तिच्या हातातले नेहमीचे दोन्ही प्रश्न संपले होते. बाईंनी मात्र मजकूर पुन्हा वाचायला घेतला होता आणि ‘सामना संपताच’ या शब्दांवर त्या थांबल्या. त्यांनी उजवा हात तिच्यापुढे धरला. अंगठ्याजवळचं बोट मधल्या पेरात वाकत नव्हतं.

“त्याच चढाईत मोडला ह्या. रेषेक हात लागलो आणि वरसून दोघी जणी पडल्यो. थंयसून थेट हॉस्पिटलात. दीड महिनो प्लास्टर. मैदानात सही कोणी केल्यान मगे?”

“व्हिडिओ तिथेच संपतो,” अक्षया हळूच म्हणाली. “त्यामुळे त्या माणसाला हे ठाऊकच नाही.”

बाई आत गेल्या आणि एक जुनं ओळखपत्र घेऊन आल्या. नव्वद सालचं. त्यावरची सही तिरपी, एका दमात ओढलेली, खाली लांब रेघ असलेली होती. बोट मोडल्यानंतर त्यांना तशी सही कधीच जमली नाही. पेन दोन बोटांत धरून त्या नव्याने शिकल्या आणि तेव्हापासून अक्षरं सुटी झाली. म्हणजे त्या दिवशीच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या जर्सीवर, तेव्हा अस्तित्वातच नसलेली सही होती.

नकार द्यायला एवढं पुरेसं होतं. पण अक्षया उठली नाही. बाईंची ही नंतरची सही त्या माणसाला मिळाली कुठून, हे तिला कळायला हवं होतं. तिने तसं विचारलं.

“प्रमाणपत्रां,” बाई म्हणाल्या. “सव्वीस वर्षां पोरांच्या प्रमाणपत्रांर सह्यो केलंय. पण ती सगळी पोरांच्या घरात.”

अक्षयाने चढाईच्या त्या व्हिडिओखालचे अभिप्राय उघडले. हजारावर होते. दोघी शेजारी बसून एकेक खाली सरकवू लागल्या. मधेच बाईंनी चहा केला, तरी डोळे मोबाइलवरच. तासाभराने दत्तप्रसाद नावाचा एक माजी विद्यार्थी सापडला. त्याने अभिमानाने लिहिलं होतं, ‘ह्याच आमच्या बाई!’ आणि खाली लांब उडीतल्या दुसऱ्या क्रमांकाच्या प्रमाणपत्राचा फोटो चिकटवला होता.

बाईंची सही तिथे होती. शिपायाने शाळेचा गोल शिक्का घाईघाईत मारलेला असावा, कारण तो सहीच्या टोकावर चढला होता. ‘राणे’ची मात्रा शिक्क्याच्या जांभळ्या कडेत पार बुडून गेली होती.

“तेका दिसलाच नाय,” बाई पुटपुटल्या. “दिसला तितक्या उतरून घेतल्यान.”

अक्षयाने दोन्ही सह्या एकीवर एक ठेवल्या. त्या केसाएवढ्याही हलल्या नाहीत. त्याच विक्रेत्याने याआधी विकलेल्या दोन जर्सींचे फोटो तिने काढले. दोन्हींवर सातचा आकडा, दोन्हींवर तीच सही, तशीच बिनमात्रेची. एका सामन्यात एका खेळाडूने तीन जर्सी घातल्या होत्या म्हणायचं.

तिने अहवाल पाठवला आणि संध्याकाळपर्यंत ती जर्सी बाजारातून उतरली. आधीच्या दोन गिऱ्हाइकांना पैसे परत घेऊन वस्तू तपासणीसाठी पाठवायला सांगण्यात आलं. एकाने लगेच पाठवली. वालावलच्या नम्रता परबने साफ नकार दिला. अक्षयाने तिला फोन केला, तेव्हा ती म्हणाली, “माझी जर्सी खरी आहे. मला पैसे नकोत.” विमला राणे स्वतः यायला तयार आहेत असं अक्षयाने सांगितलं, तेव्हा तिने घराचा पत्ता दिला. मग म्हणाली, “रविवारी या.”

रविवारी अक्षया आणि बाई वालावलला गेल्या. नम्रता तिशीची, कुडाळला बँकेत नोकरीला. तिने जर्सी धुतलेल्या उशीच्या अभ्र्यात गुंडाळून ठेवली होती. ती बाईंच्या हातात देताना तिने बाही पुढे केली.

“ही बघा. माझी आई सांगायची, विमलाच्या जर्सीची डावी बाही फाटलेली. आहे की नाही?”

“कोण गो तुझी आवस?”

“आनंदी. तुमच्या संघात होती. म्हणजे, ती तसं म्हणायची. दीड वर्ष झालं तिला जाऊन.”

बाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. मग त्यांनी बाही उजेडात धरली. फाटलेली कड सरळ होती, व्हिडिओ पाहून कात्री लावल्यासारखी.

“ओढून फाटला तर धागे सुटतत, कड अशी सरळ नसता,” त्या म्हणाल्या. “आणि आमच्यो जर्सी सुती होत्यो. ह्या कापड घामाक चिकटता. सगळ्या संघाक एकच जोड होतो बाय. सामनो झालो की धुवून परत करूचो, दुसऱ्या वर्षी दुसऱ्या चेडवांनी घालूचो. घराक कोणीच घेवन जावक नाय.”

नम्रता खाली बसली. “मग ती फाटलेल्या बाहीचं कसं बोलायची?”

“कारण ती बाही फाटली तेव्हा ती माझ्या बाजूकच होती.”

“म्हणजे आई खरंच खेळली?”

अक्षयाने मान वर केली. त्या प्रश्नासाठीच नम्रता पैसे परत घेत नव्हती, हे तिच्या आता ध्यानात आलं. नम्रता सांगू लागली. संघाचा बक्षीस घेतानाचा एक फोटो घरी होता, पण त्यात आई नव्हती. लहानपणी मैत्रिणींसमोर तिने त्यावरून आईला खोटं ठरवलं होतं. पुढे आईने कबड्डीचं नाव काढणंच कमी केलं.

“त्या फोटोत मी तरी खंय आसंय?” बाईंनी विचारलं.

नम्रताने आतून फोटो आणला. अक्षयाने मोजलं. बारा जणींच्या संघात दहाच चेहरे.

“माका हॉस्पिटलात एकटीक कोण पाठवतलो? आनंदी इली वांगडा. बक्षीस सोडून इली. डॉक्टरान कागद पुढे केल्यान, माका पेन धरूक येयना. माझ्या नावाची सही तिनाच केल्यान. उजवो कोपरो सांभाळायची ती. पायाक पकडल्यान की सुटूक देयना. खालच्या आवाजात बोलायची, पण मैदानात माका शिवी घालायची. काय शिवी ती सांगूचंय नाय.”

नम्रता हसली आणि हसता हसताच तिने डोळ्यांना पदर लावला. मग तिचे प्रश्न सुरू झाले. आई सरावाला कशी यायची, घरून परवानगी कशी मिळाली, हरल्यावर काय करायची. बाई आठवेल तसं सांगत गेल्या. आठवलं नाही तिथे “ता माका म्हायत नाय” म्हणाल्या. निघताना नम्रताने स्वतःच जर्सी अक्षयाच्या पिशवीत घातली.

तपासणीत विक्रेत्याचं खातं बंद झालं. पत्ता खोटा निघाला, माणूस सापडला नाही. त्याच्याकडे आणखी नऊ जुन्या खेळाडूंच्या वस्तू होत्या. महिन्याभराने दुसऱ्याच नावाने तसेच मजकूर पुन्हा दिसू लागले, तेव्हा अक्षयाने बाईंना कळवलं.

“त्या नऊजणांक कोणी इचारल्यान?” बाईंनी विचारलं.

“अजून नाही. मी एकटी किती फोन करणार?”

“नंबर पाठव. खेळाडू खेळाडूकडे बोलता.”

पहिला फोन साताऱ्याच्या एका खोखोपटूला लागला. बाईंनी आपलं नाव सांगितलं, इकडच्या तिकडच्या दोन गोष्टी बोलल्या आणि मग शुद्ध मराठीत विचारलं, “मला सांगा, तुम्ही सही डाव्या हाताने करता की उजव्या?”